फाइलीत नसलेलं दुखणं

बाबांची फाइल चांगली जाडजूड होती. पीएसएचे, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचे, रिपोर्ट, बायोप्सी, बोन स्कॅन, दर तीन महिन्यांनी घ्यायच्या हार्मोन इंजेक्शनच्या नोंदी, सोनोग्राफी, मूत्रपिंडासाठी बघतात ते क्रिएटिनिन, सरकारी आरोग्य विम्याच्या दीनदयाळ कार्डाच्या झेरॉक्स. मी साखळीला एका पतसंस्थेत काम करते. दिवसभर लोकांचे कागद तपासायचे हाच माझा धंदा. त्यामुळे ही फाइल मी तारखेवार लावली होती आणि ती मला जवळजवळ पाठ झाली होती. तिच्यात एकच गोष्ट कुठे नव्हती, ती म्हणजे बाबांना दुखतं. प्रत्येक भेटीखाली तेच वाक्य: जनरल कंडिशन फेअर, कंटिन्यू सेम ट्रीटमेंट. आणि घरी हा माणूस रात्र रात्र खाटेच्या कडेवर बसून काढत होता, कारण आडवं झालं की कमरेत कळ यायची.

यात डॉक्टरांचा दोष किती आणि आमचा किती, हे सांगणं कठीण आहे. बाबा मांडवीत बार्जवर तांडेल होते. आमोण्याहून खनिज भरून मुरगावपर्यंत न्यायचं, पावसात, रात्री-अपरात्री. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा घरी बसले, तेही कुरकुर न करता. असा माणूस ओपीडीत डॉक्टरसमोर बसला आणि डॉक्टरने "कसं आहे?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "बरं आहे." मागे रांग उभी. डॉक्टर लिहून मोकळे. मी काही बोलायला गेले तर बाबाच माझ्याकडे असे बघायचे की मी गप्प.

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता. खुबा, कंबर, दोन बरगड्या. हा आजार हाडांकडे धाव घेतो, हे आम्हांला नंतर कळलं. आम्ही तोवर एका खाजगी इस्पितळात जात होतो. तिथे दुखण्यावर डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं आणि गोळ्या चालू होत्या. त्यांनी दोन-चार तास बरं वाटायचं. दरम्यान क्रिएटिनिन वाढत गेलं, कारण ही औषधं मूत्रपिंडाला झेपत नाहीत, आणि प्रोस्टेटच्या रुग्णाच्या मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. मग त्या गोळ्या बंद झाल्या आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही. एका भेटीत डॉक्टर म्हणाले, "आता फार काही करण्यासारखं नाही. घरी न्या, सेवा करा."

सेवा म्हणजे काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. पाय चेपायचे? आई तेच करायची, आणि चेपले की बाबांना जास्त दुखायचं.

वाट दाखवली ती डे-केअरमधल्या एका सिस्टरने. इंजेक्शन देताना बाबा कुशीवर वळेनात, तेव्हा तिने पाहिलं. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाली, "पॅलिएटिव्हला, म्हणजे दुखणं कमी करणाऱ्या विभागाला, दाखवलंत का? सरकारी इस्पितळात ओपीडी असते. डॉक्टरांकडून रेफरन्स लिहून घ्या. आणि लिहून घ्या हं, नुसतं तोंडी नको." तिचं शेवटचं वाक्य मला माझ्या धंद्यातलं वाटलं.

रेफरन्स मागितला तर डॉक्टर अवघडले. "एवढ्यात कशाला? आपण अजून त्या स्टेजला नाही." त्याच डॉक्टरांनी फार काही करण्यासारखं नाही असंही सांगितलं होतं, हे मी बोलले नाही. बोलून चिठ्ठी मिळाली नसती. मी म्हटलं, "डॉक्टर, बाबा झोपत नाहीत. झोपेसाठी तरी लिहून द्या." त्यांनी दोन ओळी खरडल्या. आज वाटतं, अशी चिठ्ठी घरच्यांनी मागायची वेळच येऊ नये. ही सेवा दुखण्यासाठी आहे, वेळ संपत आल्याच्या शिक्क्यासाठी नाही. हार्मोनची इंजेक्शनं चालू असताना, केमो चालू असताना ती सुरू होऊ शकते आणि व्हायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात ज्यांना तिची गरज आहे त्यांतल्या साधारण १४ टक्के लोकांपर्यंतच ती पोचते. या चिठ्ठीच्या अनुभवानंतर मला तो आकडा चुकीचा वाटत नाही.

त्या ओपीडीत गर्दी होती, बाकड्यावर बसायला जागा नव्हती, पंखा एकच. पण आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी फाइल बाजूला ठेवली आणि खुर्ची बाबांच्या जवळ ओढली. "काका, खंय दुखता?" बाबा म्हणाले, बरं आहे. त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. "रातची न्हीद पडटा?" इथे बाबा थांबले. मग बाई एकेक विचारत गेल्या. आडवं झाल्यावर दुखतं की उठताना? कळ येते की ठणका लागतो? चालताना पाय बधिर होतात का? लघवी-संडासचं भान राहतं का? शेवटचे दोन प्रश्न का विचारले ते त्यांनी मला नंतर सांगितलं. मणक्यातल्या गाठीचा दाब मज्जारज्जूवर आला तर पाय जातात. तसं काही वाटलं तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कॅज्युअल्टीत यायचं. हे त्यांनी केस पेपरवर लाल शाईने लिहून दिलं.

शून्य ते दहामध्ये किती दुखतं, हा प्रश्न बाबांना जमेना. ते म्हणाले, "बार्जला कडेला रेघ असते. तिच्याखाली पाणी असलं तर माल कितीही असो, बार्ज चालते. रेघ बुडली की चालवणाऱ्याला कळतं." बाईंनी विचारलं, "रेघ बुडते कधी?" "रोज रात्री." त्यांनी पेपरवर लिहिलं: वेदना, रात्री ८/१०, दिवसा ५/१०. ती ओळ मी घरी आल्यावर पुन्हा काढून वाचली. एवढ्या जाड फाइलीत पहिल्यांदा ती लिहिली गेली होती, आणि पुढचं सगळं त्या ओळीला धरून सुरू झालं. आकडा नसेल तर औषध कमी पडलं की पुरलं हे ठरवणार कशावर?

औषध म्हणजे मॉर्फिन. नाव ऐकताच दादा उठून उभा राहिला. तो वास्कोला जहाजदुरुस्तीच्या कामावर असतो, त्या दिवशी मुद्दाम रजा टाकून आला होता. "म्हणजे गर्दच ना? बाबांना व्यसन लावणार?" बाईंना हे रोजचं असणार. त्यांनी शांतपणे सांगितलं, दुखण्यासाठी मोजून दिलेलं मॉर्फिन आणि नशेसाठी घेतलेलं, ही एकच गोष्ट नव्हे. शरीराला त्याची सवय होते हे खरं, म्हणून ते एकदम तोडायचं नसतं. पण असा रुग्ण सहसा गोळीच्या मागे वेडा होत नाही. गोळीमुळे माणूस लवकर जातो ही भीतीही लोकांना असते, पण योग्य डोसात तसं होत नाही. दादाला पटलं असं नाही, पण तो खाली बसला.

या औषधाची कथा मी मग जमेल तिथे वाचली, आणि वाचून चीड आली. हणजूण-कळंगुटच्या पट्ट्यात ड्रग्ज पकडले अशी बातमी आमच्याकडे आठवड्याला एखादी येते. आणि ज्या औषधाने बाबांसारखा माणूस रात्री झोपेल ते मात्र कायद्याच्या इतक्या कुलपांत की साध्या फार्मसीत मिळत नाही. भारतात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफूची शेती होते, अफू बाहेरच्या देशांनाही जाते. पण १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यानंतर परवान्यांचे इतके कागद झाले की इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. डॉक्टरांच्या पिढ्या ते न लिहिता शिकल्या. २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन अशी सहा औषधं आवश्यक अमली औषधं ठरली, आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता घेतलेल्या इस्पितळाला ती ठेवता येऊ लागली. म्हणजे कुठल्याही इस्पितळात जाऊन मॉर्फिन मागण्यात अर्थ नाही. या संस्थेला ती मान्यता आहे का, हे आधी विचारायचं. एका नावाजलेल्या खाजगी इस्पितळाच्या फार्मसीत मी हे विचारलं तर काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे अशा नजरेने बघू लागला की मला पर्समधलं ओळखपत्र काढून दाखवावंसं वाटलं.

आमच्याकडून मागितलं ते एवढंच: प्रिस्क्रिप्शन, बाबांच्या आधारकार्डाची झेरॉक्स, गोळ्या कोण नेणार त्याचं नाव, आणि रजिस्टरवर सही. रिकाम्या स्ट्रिप पुढच्या वेळी परत आणायच्या. एका वेळी ठरावीक दिवसांच्याच गोळ्या. पैसे लागले नाहीत. मॉर्फिनची साधी गोळी तशीही महाग औषध नाही. ज्यावर एवढा गदारोळ, ते वेदनेच्या औषधांतलं स्वस्तातलं औषध आहे.

गोळी दुखल्यावर घ्यायची नसते, वेळेवर घ्यायची असते. हे आईला समजावणं सर्वांत कठीण गेलं. तिचा जन्म "उगीच गोळ्या खाऊ नयेत" या शिस्तीत गेला. बाबा जरा बरे दिसले की ती एक डोस वाचवायची आणि डब्यात ठेवायची. मग संध्याकाळी कळ उसळायची. साधारणपणे ही गोळी चार तासांनी देतात, आणि रात्री झोपताना थोडी जास्त म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. बाबांचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणून त्यांना कमी डोस आणि सहा तासांचं अंतर. मी शाळेच्या वहीत रकाने आखून खाटेशेजारी टांगले: वेळ, गोळी, दुखणं किती, संडास झाली की नाही. मधेच कळ आली तर जास्तीची गोळी किती आणि कधी द्यायची, तेही लिहून घेतलं होतं. पुढच्या भेटीत बाईंनी वही पाहिली आणि जास्तीच्या गोळ्या किती लागल्या ते मोजून रोजचा डोस वाढवला.

पहिले दोन-तीन दिवस बाबा गुंगीत होते, मळमळत होतं. दादाचा फोन, "बघ, मी सांगितलं होतं." बाईंनी आधीच बजावलं होतं की हे होईल आणि उतरेल. तसंच झालं. गुंगीतला बराचसा भाग तर साठलेल्या झोपेचा होता. जे उतरत नाही ते बद्धकोष्ठ. मॉर्फिन चालू आहे तोवर जुलाबाचं औषध चालू, हा नियमच. आम्ही आधी पपई, केळी, इसबगोल असले घरगुती उपाय केले. कोंडा-भुसा तर अशा वेळी उलट त्रास देतो, कारण माणूस पाणी कमी पितो आणि आतडं हलत नाही. बिसाकोडिल आणि लॅक्टुलोज नियमाने सुरू केलं तेव्हा कुठे सुटका झाली. हे लिहायला संकोच वाटतो, पण त्या महिन्यांत आमच्या घरात सर्वांत जास्त चर्चा याच विषयावर झाली असेल, आणि याविषयी कुणी आधी स्पष्ट बोललं असतं तर बरं झालं असतं.

खुब्याच्या दुखण्यासाठी बाईंनी रेडिएशनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मला वाटलं, पुन्हा महिनाभर रोजचे खेटे. पण हाडाच्या दुखण्यासाठी एकाच बैठकीत ८ ग्रे (हे किरणांचं माप) एवढा डोस देतात, आणि पुष्कळ रुग्णांना तो पुरतो. एक दिवस गेले, शेक घेतला, घरी आले. पहिले दोन दिवस दुखणं उलट वाढलं. तेही होतं असं सांगितलेलं होतं. मग आठ-पंधरा दिवसांत बाबा डाव्या कुशीवर वळू लागले. खाजगी इस्पितळाच्या "फार काही करण्यासारखं नाही" या वाक्यात ही एक बैठक का बसली नसेल, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

गणेशचवथीच्या आधी एक गोष्ट लक्षात आली. सणाला ओपीडी बंद, आणि गोळ्या मोजक्या. आमच्याकडे चवथ म्हणजे सगळा गोवा घरी. मी रजिस्टरवाल्या माणसाला आधीच गाठून तारीख पुढे ओढून घेतली. ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे त्यांनी सण, शनिवार-रविवार आणि पावसात रस्ता बंद पडण्याचे दिवस कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेवावेत. त्या चवथीत बाबा माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर फळं बांधतात त्या चौकटीखाली, खुर्ची टाकून बसले आणि कुठलं फळ कुठे बांधायचं यावर दादाशी भांडले. दोघांनाही ते भांडण फार बरं वाटलं असावं.

दिवाळीनंतर बाबांचे हात झोपेत झटके देऊ लागले. जागेपणीही ते नसलेल्या खलाशांना दोर सोडायला सांगत. दादाला वाटलं, शेवट आला. मी वही घेऊन फोन केला. बाईंनी पहिलं विचारलं, "लघवी कमी झालीय का?" झाली होती. मूत्रपिंड मंदावलं की मॉर्फिनचे अंश शरीरात साठतात, त्याची ही खूण. गोळी थांबवून फेंटानिलचा पॅच लावला, जो मूत्रपिंडाला सोसतो. तो बाहेरून विकत घ्यावा लागला आणि स्वस्त नव्हता. दर ७२ तासांनी बदलायचा. पण गोव्याच्या दमट हवेत घामाने पॅचची कडा सुटते! हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. नर्सने सांगितलं ते असं: दंडाऐवजी छातीच्या वरच्या भागावर लावा, केस कात्रीने कापा, वस्तऱ्याने नको, साबण न लावता नुसत्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करा, पॅच तळव्याने अर्धा मिनिट दाबून धरा, वरून टेप आणि टेपवर बॉलपेनाने तारीख-वेळ. गरम पाण्याची पिशवी त्याच्याजवळ न्यायची नाही. ताप आला तर कळवायचं, कारण उष्णतेने औषध जास्त आत जातं. वापरलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून ठेवायचा, कारण त्यात औषध उरलेलं असतं आणि घरात लहान मूल असेल तर धोका.

बाबांना किती माहीत होतं? आम्ही घरचे सगळे त्यांच्यासमोर "हाडांची झीज" म्हणत होतो. बाईंनी एका भेटीत आम्हांला बाहेर बसवलं आणि बाबांशी एकट्याने बोलल्या. परत बोलावलं तेव्हा बाबाच म्हणाले, "झीज-बीज सांगू नका आता. मला माहीत आहे. नळ्या घालून ठेवू नका, एवढंच." आईने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच विचारलं, "पेज घेणार का घरी गेल्यावर?"

त्या "नळ्या घालू नका"चा कागद करायचं बाईंनी सुचवलं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अशा आगाऊ वैद्यकीय निर्देशाला मान्यता दिली, पण अटी इतक्या अवघड की कुणी त्या वाटेला जाईना. जानेवारी २०२३ मध्ये त्या सैल झाल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा असा कागद नोंदवला, राज्यातला पहिला. ते पेपरात छापून आलेलं, म्हणून डिचोलीच्या नोटरीला मी ते कात्रण दाखवू शकले. त्याने तरीही दोनदा विचारलं, "हे इच्छापत्र का? मालमत्तेचं कुठाय?" पंचायतीत प्रत द्यायला गेले तर सेक्रेटरीने ती कुठल्या फाइलीत लावायची याचा पंधरा मिनिटं विचार केला आणि शेवटी आवक नोंदीचा शिक्का मारून दिला. शिक्का मिळाला, मला तेवढं पुरे होतं.

प्रत्यक्षात तो कागद काढावा लागलाच नाही. एका रात्री बाबांना ताप चढला, धाप लागली. १०८ बोलावली. कॅज्युअल्टीतला डॉक्टर तरुण होता, चांगला होता, त्याने पटकन म्हटलं, "आयसीयूत घेऊ, कदाचित व्हेंटिलेटर." मी फाइलीच्या सर्वांत वर लावलेलं एक पान पुढे केलं. त्यावर पॅलिएटिव्हच्या बाईंनी लिहिलेलं होतं: आजार काय, आता काय चालू आहे, संसर्गावर उपचार करावेत, ऑक्सिजन द्यावा, श्वासनलिकेत नळी नको, रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलणं झालेलं आहे, तारीख, सही. त्याने ते वाचलं, वरिष्ठांना फोन लावला. बाबा साध्या वॉर्डात राहिले. अँटिबायोटिक आणि ऑक्सिजनवर सुधारले, घरी आले. नुसतं मी तोंडी सांगितलं असतं की व्हेंटिलेटर नको, तर त्या मुलाने काय समजायचं? म्हातारा जड झालाय म्हणून लेक नको म्हणते? त्याच्या जागी मीही ऐकलं नसतं.

लोटलीच्या शांती अवेदना सदनाचीही आम्ही चौकशी केली होती. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेल्या संस्थेची ती गोव्यातली शाखा. कॅन्सरच्या पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांना तिथे पैसे न घेता ठेवून घेतात. आईच्या कमरेने दगा दिला तर ती वाट आम्ही धरली असती. बाबांना घरीच राहायचं होतं आणि दादाने महिन्याची बिनपगारी रजा घेतली, म्हणून निभावलं. ज्यांच्याकडे असा दादा नसतो त्यांना "घरी सेवा करा" सांगणं सोपं आहे. दीनदयाळ कार्डावर ठरावीक प्रोसिजर बसतात. घरच्या डायपरला, हवेच्या गादीच्या भाड्याला, अर्ध्या दिवसाच्या बाईला कार्ड नाही.

हवेच्या गादीचं एक सांगायचं राहिलं. ती विजेवर चालते. आमच्या आमोण्यात वारा सुटला की वीज जाते. गादी बसते, आणि माणूस सरळ फळीवर. तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलायची, गादी असो वा नसो, हे नर्सने आम्हांला पहिल्याच भेटीत शिकवलं होतं. घरी येणारी ती नर्स आणि तिच्यासोबतचा समुपदेशक एका धर्मादाय संस्थेचे. ते येत तेव्हा कमरेखालची जखम, तोंडातले चट्टे, आईची झोप, सगळं बघत. शेवटी बाबांना गिळता येईना तेव्हा तिने दंडावर कातडीखाली बारीक फुलपाखरू सुई बसवली आणि त्यातून औषध कसं द्यायचं ते दादाला शिकवलं. ज्या दादाने गर्द म्हटलं होतं, तोच रात्री उठून टॉर्चच्या उजेडात सिरिंजवरच्या रेघा मोजत असे.

बाबा घरीच वारले, पहाटेच्या सुमारास, कळ नसताना.

घरच्या मरणाचेही कागद असतात, आणि ते आधी विचारून ठेवावेत. इस्पितळात मृत्यू झाला तर कारणाचा दाखला तेच देतात. घरी झाला तर शेवटच्या आजारात तपासणाऱ्या डॉक्टरला ४ए क्रमांकाच्या नमुन्यावर तो द्यावा लागतो, आणि पंचायतीत नोंद २१ दिवसांत. आमच्या गावचे डॉक्टर येतील का, हे नर्सने आधीच त्यांना फोन करून पक्कं केलं होतं. शेजारच्या गावात एका घरी या दाखल्याविना प्रेत दुपारपर्यंत अंगणात राहिलं आणि पोलिसांपर्यंत गोष्ट गेली, असं तिनेच सांगितलं. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या आणि न वापरलेले पॅच मी इस्पितळात परत केले. त्यांनी मोजून घेतले, रजिस्टरमध्ये बाबांच्या नावापुढे लाल रेघ मारली, माझी सही घेतली.

आता शेजारच्या काकांचं चाललंय. त्यांना कॅन्सर नाही. फुप्फुसं गेलीत, चार पावलं टाकली की धाप. लोटलीचा दरवाजा त्यांच्यासाठी नाही, आणि छातीच्या ओपीडीत त्यांना पंप बदलून देतात, बाकी काही नाही. वेदना-उपशमन म्हणजे कॅन्सर, हे समीकरण डॉक्टरांच्याही डोक्यात पक्कं बसलंय, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. काकीला मी सांगितलं, डॉक्टरांनी विचारलं की "बरं आहे" म्हणू द्यायचं नाही. किती पावलांनी धाप लागते, रात्री किती वेळा उठून बसतात, ते वहीत लिहून न्यायचं आणि पेपरवर उतरवून घ्यायचं. दोन भेटींत झालं नाही. तिसऱ्या वेळी रेफरन्स मिळाला. आमच्याच बाईंनी त्यांना अगदी कमी डोसात मॉर्फिन सुरू केलंय, कारण धापेलाही ते उतार देतं. काका आता जेवायला स्वयंपाकघरापर्यंत येतात. जुलाबाचं औषध मात्र प्रिस्क्रिप्शनवर होतं ते काकीने मुद्दाम घेतलंच नाही, पपई आहे म्हणाली. उद्या त्यांच्या मुलाला घेऊन मी फार्मसीत जाणार आहे.